बाबांकडे ठेवलेली किल्ली

दुबईत भाड्याने घर बघायला आलेला मराठी माणूस दोन प्रश्न हमखास विचारतो. देव्हारा कुठे बसवायचा, आणि भिंतीला खिळा ठोकलेला चालेल का. भाडं, पार्किंग, शाळेची बस हे सगळं नंतर. मीना बाजारात कापडाच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. तिथे बसून मी आयुष्यभर हे प्रश्न ऐकले आणि आयुष्यभर एकच उत्तर दिलं, "देव्हारा कुठेही बसवा, खिळ्याचं मात्र लेखी विचारा." त्यामुळे ऑफिसात माझं नाव पडलं 'मॅडम शर्त'. शर्त हा शब्द अरबीत आहे, हिंदीत आहे, मराठीतही आहे, म्हणून टोपणनाव सगळ्यांना कळायचं आणि सगळे ते माझ्या पाठीमागे वापरायचे. मला ते ठाऊक होतं. खरं सांगायचं तर आवडतही होतं.

आमचं काम मालकांची घरं सांभाळण्याचं. घर भाड्याने द्यायचं, करार करायचा, तो सरकारदरबारी नोंदवायचा, आणि भाडेकरू निघाला की घर तपासून ताब्यात घ्यायचं. म्हणजे आम्ही मालकाची माणसं. पण समोर येऊन बसायचा तो भाडेकरू, आणि त्याला वाटायचं की ही बाई मराठी आहे म्हणजे आपल्याच बाजूची असणार. ह्या दोन खुर्च्यांच्या मधे मी पस्तिशी ते साठी काढली.

भाडेकरूचे हक्क सगळ्यांना पाठ असतात. जबाबदाऱ्या विचारल्या की माणसं छताकडे बघतात. वास्तविक त्या फार नाहीत. भाडं वेळेवर द्यायचं. करारात ज्यांची नावं आहेत त्यांनीच राहायचं, परवानगीशिवाय दुसऱ्याला ठेवायचं नाही. भिंतीला, दाराला मालकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. बाल्कनीचं अडगळीचं दुकान करायचं नाही. आणि जाताना लेखी कळवायचं, घर रिकामं करायचं आणि किल्ली परत द्यायची. बस. एवढ्याशा गोष्टींवर माझं पोट चाललं, कारण एवढ्याशाच गोष्टी माणसांना जमत नाहीत.

एका पाडव्याला आमच्या एका इमारतीच्या वॉचमनने मला फोटो पाठवला. खाली त्याचा निरोप, "मॅडम, चौथा मंज़िल, साड़ी सुखा रहे हैं, डंडे पे. ऊपर लोटा भी रखा है." बाल्कनीबाहेर कपडे वाळत घातले तर इथे दंड होतो. मी फोटो मोठा करून पाहिला आणि हसू आवरेना. छान जरीची साडी, कडुलिंब, गाठी, सगळं यथासांग. मी त्या घरी फोन लावला. गृहस्थ तावातावाने म्हणाले, "अहो, ही साडी नाही, ही गुढी आहे!"

"मला दिसतंय हो. पण पालिकेला साडीच दिसणार. कठड्याच्या आत घ्या."

"आत घेतली तर गुढी उभारली असं कसं म्हणायचं?"

मागून त्यांच्या मुलीचा आवाज आला, "बाबा, आय टोल्ड यू. इट्स नॉट अलाउड." शेवटी गुढी कठड्याच्या आत, पण खुर्चीवर उभी राहिली, म्हणजे उंचीचं समाधान झालं. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर श्रीखंडाचा डबा आला. ही लाच आहे का, असं मी रफीकभाईंना विचारलं. ते म्हणाले, "ताई, चव बघितल्याशिवाय कसं सांगणार?"

रफीकभाई आमचे सरकारी कामं बघणारे. दापोलीकडचे. अरबी असं बोलायचे की इथल्या लोकांनाही ते आपले वाटायचे. त्यांचा ह्या लेखात पुढे मोठा वाटा आहे, म्हणून ओळख करून दिली.

आता मूळ गोष्ट. दुबईपासून तासाभरावर उम्म अल कुवैनला एका म्हाताऱ्या मालकांचं आवार होतं. वाळूच्या अंगणाभोवती तीन छोटी बैठी घरं, एका कडेला त्यांची स्वतःची बैठक, आणि वारा आला की समुद्राचा वास. सगळे त्यांना बाबा म्हणत. तरुणपणी मुंबईहून माल आणायचे, त्यामुळे हिंदी बोलायचे, पण ते त्यांचं खास आखाती हिंदी. त्या तीनपैकी एका घरात मंदार आणि अनघा हे जोडपं त्यांच्या छोट्या रेवाला घेऊन राहत होतं. मंदार तिथल्याच कारखान्यात होता. करार मी केला होता. अनघाने अंगणात तुळस लावायची परवानगी लेखी मागितली, तेव्हाच ती मला आवडली.

पुढे मंदारचे वडील पुण्याला आजारी पडले आणि ही मंडळी नोकरी सोडून गेली. हे मला तेव्हा समजलंच नाही. कराराची मुदत संपत आली म्हणून मी बाबांना फोन केला, तर ते म्हणाले, "वो लोग आता है. तुम रुको." मला वाटलं, सुट्टीवर गेलेत. मालकच थांबा म्हणतोय तर मी कोण घाई करणारी? मंदारचा इथला नंबर बंद होता. फाईल थांबली.

जवळपास वर्ष उलटलं. बाबांचा मुलगा सैफ अबुधाबीला नोकरी करायचा. वडिलांच्या डोळ्यांना कमी दिसू लागलं तसा त्याने घरांचा कारभार हातात घेतला आणि एक दिवस आमच्या ऑफिसात आला. अतिशय नम्र मुलगा, पण कपाळाला आठ्या.

"मॅडम, एक घर वर्षभर बंद आहे. बाबा कोणाला उघडू देत नाहीत. भाडेकरूने लेखी कळवलेलं नाही, सामान आत आहे, घर ताब्यात दिलेलं नाही. म्हणजे करार पुढे चालूच राहिला ना? तुम्हीच मला हे शिकवलंय."

कारभार हातात घेताना त्याने फोनवर विचारलं, तेव्हा शिकवलं होतं खरं. मुदत संपली, भाडेकरू गेला नाही आणि मालकानेही हरकत घेतली नाही, तर करार त्याच अटींवर पुढे सरकतो. सैफला आता वर्षभराच्या थकलेल्या भाड्याची तक्रार नोंदवायची होती आणि तिचे कागद तयार करणं हे माझं काम होतं. मी फाईल काढली. नियमाने बघायचं तर त्याचं बरोबर होतं.

त्याच आठवड्यात दार ढकलून अनघा आत आली. मागे मंदार आणि उंच झालेली रेवा. "काकू, ओळखलंत का? पुन्हा आलो!" चेहरा आनंदाने फुललेला. मंदारला रास अल खोरच्या एका गोदामात चांगली नोकरी मिळाली होती. तो नोकरीच्या व्हिसावर होता, पण अनघा आणि रेवा व्हिजिट व्हिसावर, नात्यातल्या एकांकडे बर दुबईला उतरलेल्या. त्यांचा फॅमिली व्हिसा करायला मंदारच्या नावावर नोंदवलेला घरभाड्याचा करार हवा होता. शाळेने रेवाला जागा दिली होती, पण व्हिसा झाल्यावर या म्हणून सांगितलं होतं.

आणि सैफची फाईल माझ्यासमोर टेबलावर उघडी होती.

ही तक्रार लागली तर मंदारच्या नावावर नवा करार करायला कोणी मालक धजणार नाही. करार नाही तर व्हिसा नाही. व्हिजिट व्हिसाची मुदत संपली की अनघा आणि रेवा परत पुण्याला, आणि मंदार इथे एकटा.

"अगं, तुम्ही ते घर सोडलं होतं की नव्हतं?" मी विचारलं.

"म्हणजे काय, सोडलंच की! बाबांना सांगून निघालो. किल्ली त्यांच्या हातात दिली."

"करार संपतच आला होता, काकू," मंदार म्हणाला. "संपला की संपला ना?"

"नाही रे संपत. आणि आत सामान काय ठेवलंत?"

अनघा ओशाळली. "सामान कुठलं? वाटीभर तांदूळ. सासूबाई फोनवर म्हणाल्या, घर अगदी ओकंबोकं करून निघू नकोस. आणि अंगणात तुळस. ती कुठे नेणार?"

मी सगळं समजून चुकले असं मला वाटलं, पण अजून एक गोष्ट राहिली होती. मी म्हटलं, "किल्ली देताना तू बाबांना नेमकं काय म्हणालीस? जसंच्या तसं सांग."

ती आठवून म्हणाली, "म्हटलं, बाबा, चाबी आपके पास रखो. आते हैं."

मी कपाळाला हात लावला. रफीकभाई बाजूच्या टेबलावर चहा पीत होते, त्यांना ठसका लागला.

मराठी बाई घराचा उंबरा ओलांडताना 'जाते' म्हणत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं? कायमची निघाली तरी 'येते' म्हणेल. अनघाने आपल्या 'येतो'चं सरळ हिंदी केलं होतं आणि ते गेलं एका अरब म्हाताऱ्याच्या कानात. त्यांच्या दृष्टीने मुलगी किल्ली सांभाळायला देऊन गेली होती आणि परत येणार होती. आत तांदूळ होता, बाहेर झाड होतं. आणखी काय पुरावा हवा?

"रफीकभाई, गाडी काढा," मी म्हटलं.

"ताई, आपण मालकाची माणसं," ते म्हणाले, पण गाडीची किल्ली तोवर त्यांच्या हातात आली होती. सैफला मी फोन करून तिथेच बोलावलं. रस्ताभर रेवा खिडकीतून बघत सारखी विचारत होती, "विल बाबा रिमेंबर मी?"

बाबांना रेवाची आठवण होती. आवाजावरून ओळखली. मजलिसमध्ये, म्हणजे त्यांच्या बैठकीत, त्यांनी तिला जवळ बसवून खजूर दिले, आणि अनघाकडे तोंड वळवून इतकं मोकळं हसले की मला पुढचं बोलणं अवघड झालं. "आया! हम सैफ को बोला, आता है. वो नहीं माना."

सैफ मान खाली घालून बसला होता. अंगणात तुळस छातीभर वाढली होती. बाबांच्या लेखी ती रैहान, त्यांच्याकडेही तिला मान असतो. रोज स्वतः पाणी घालत होते, असं मोलकरणीने सांगितलं.

मी अनघाची चूक सांगायला सुरुवात केली, पण हिंदीतून ती कळेना. मग रफीकभाई पुढे सरकले आणि अरबीतून बोलू लागले. मधेच मला मराठीत म्हणाले, "ताई, मी सांगतोय की हे फक्त हिंदूंचं नाही. आमच्या घरातपण निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही. अम्मी ओरडायची." त्यांनी बराच वेळ समजावलं. हळूहळू बाबांचं हसू ओसरलं. त्यांनी अनघाला विचारलं,

"मतलब, तुम आने वाला नहीं था?"

अनघाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "नहीं, बाबा. हम... जा रहे थे."

मी पुष्कळ भांडणं पाहिली आहेत. हातातल्या पाइपने मारामारी करणारे भाडेकरू पाहिलेत आणि दार तोडणारे मालक पाहिलेत. त्यांतल्या कशाने मी हलले नाही. पण त्या म्हाताऱ्या माणसाचा चेहरा तेव्हा जसा झाला, तो पाहून मला वाटलं, आपण ही गोष्ट उलगडायला नको होती. वर्षभर त्यांनी एका पाहुणीची वाट पाहिली होती आणि ती येणारच नव्हती.

सैफ वडिलांशी हळू आवाजात अरबीत बोलला. रफीकभाई माझ्या कानाशी सांगत होते, "म्हणतोय, आता तरी पटलं ना? कायद्याने जे होईल ते होऊ दे. खलास."

बाबांनी कनवटीला हात घातला आणि किल्ली काढली. त्यांनी ती वर्षभर अंगावर वागवली होती. ती समोर गालिच्यावर ठेवून त्यांनी मुलाला प्रश्न विचारायला सुरुवात केली. अगदी शांत आवाजात, मदरशातल्या मास्तरांसारखे. रफीकभाईंचं भाषांतर माझ्या कानात चालू होतं.

"ही किल्ली कोणाकडे होती?"

"तुमच्याकडे, बाबा."

"ह्या लोकांकडे दुसरी होती?"

सैफने मंदारकडे पाहिलं. मंदारने नकारार्थी मान हलवली.

"म्हणजे हे वर्षभर घरात शिरू शकत नव्हते. कोण शिरू शकत होतं?"

"तुम्ही."

"मी शिरलो नाही, कारण मी तिला अमानत समजलो. ती माझी समजूत. तिने ठेवून घ्या म्हटलं, मी ठेवून घेतली. घर माझ्या ताब्यात होतं." आणि मग ते आम्हाला सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत म्हणाले, "एक साल का किराया चाहिए ना? हम से लो. किरायेदार हम था."

सैफला हसू फुटलं. आवरायचा प्रयत्न केला पण जमलं नाही. उठून त्याने वाकून वडिलांच्या कपाळावर ओठ टेकवले. मी घाईघाईने, तो विचार बदलायच्या आत, म्हटलं, "सैफ, बाबांचं म्हणणं कायद्याच्याही अंगाने जातं बरं का. किल्ली मालकाने स्वीकारली की ताबा त्याच्याकडे गेला, असा वाद नक्की घालता येतो." तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही कोणाच्या बाजूने आहात?" मी म्हटलं, "किल्लीच्या." इतकं चटपटीत मी एरवी बोलत नाही.

सैफने तक्रार नोंदवली नाही. पुढे बर दुबईत मंदारच्या नावावर घर झालं, करार नोंदवला गेला, दोघींचे व्हिसे मुदतीच्या आत लागले आणि रेवा शाळेत जाऊ लागली. त्या घरात जाताना मी अनघाला समोर बसवून कराराचं प्रत्येक कलम मराठीतून वाचून दाखवलं.

मला माझ्या नोकरीबद्दल कोणी विचारलं तर मी कृतज्ञ आहे असंच सांगते, आणि ते शिष्टाचाराचं नसतं. परक्या देशात आपण सगळेच भाडेकरू. नेमून दिलेल्या मुदतीचे, लिहून दिलेल्या अटींचे. अशा ठिकाणी ज्यांच्या दारात आपण उभे राहिलो, त्यांनी आपल्याला माणूस म्हणून वागवलं, ह्याचं मोल मला तिथे राहूनच कळलं. आता सगळं मोबाइलवर होतं. घर सोडायचं तर एक बटण दाबायचं. गैरसमज होत नाहीत, ही फार चांगली गोष्ट आहे. पण घर सोडताना मालकाचं तोंडही बघावं लागत नाही, ह्याचं मला वाईट वाटतं.

त्या दिवशी मजलिसमध्ये अजून एक काम उरलं होतं, ते सांगते आणि थांबते.

ताबा दिल्या-घेतल्याचा कागद मी येतानाच करून आणला होता. इंग्रजी आणि अरबी. त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या हव्या होत्या, कारण तोंडी कारभाराने काय होतं ते आम्ही सगळ्यांनी नुकतंच पाहिलं होतं. सैफने सही केली. मंदारने केली. करारात अनघाचंही नाव होतं, म्हणून मी कागद तिच्यापुढे सरकवला. ती वाचता वाचता थांबली.

"काकू, ह्यात लिहिलंय की आम्ही हे घर कायमचं सोडून जात आहोत."

"हो मग?"

"बाबांच्या समोर बसून असं लिहायलाच हवं का?"

"हवंच," मी म्हटलं. माझा आवाज नेहमीसारखा कडक निघाला नाही.

पेन तिच्या हातात तसंच राहिलं. बाबांना डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, पण काहीतरी अडलंय हे त्यांना जाणवलं. त्यांनी रफीकभाईंना विचारलं, "क्या लिखा?"

"लिखा है, जाता है. हमेशा के लिए."

बाबांनी मान डोलावली. मग अनघाच्या दिशेने तोंड करून म्हणाले, "बिन्ती, बेटी, काग़ज़ पे लिखो, जाता है. वो सैफ के लिए, मैडम के लिए. मुँह से बोलो, आता है. वो हमारे लिए."

अनघाने सही केली. निघताना दाराशी वळून ती म्हणाली, "बाबा, आते हैं."

"इन्शाल्ला," बाबा म्हणाले. इथे 'इन्शाल्ला'चा अर्थ पुष्कळदा 'बघू' एवढाच असतो. त्यांचा तसा नव्हता.